थोरलीच्या कडेवरचं पाळणाघर

‘आम्ही मुलांत कधी फरक केला नाही’ असं म्हणणारे आईबाप घरोघरी भेटतात. ते पटलेली मुलं मात्र मला फारशी भेटलेली नाहीत. थोरल्याच्या मनात असतं की धाक सगळा आपल्या वाट्याला आला आणि सूट धाकट्याला मिळाली. धाकट्याच्या मनात दादाचा आखूड करून घेतलेला सदरा असतो, दादाची सारखी चेन उतरणारी सायकल असते. मधली काही बोलत नाही. तिला कुणी विचारलेलंही नसतं.

या भांडणात मी आईबापांना खोटं पाडणार नाही. माया ते सारखीच करतात, आणि गंमत म्हणजे त्यांचा रोजचा हिशेबही बहुतेक वेळा सरळच असतो. जोसेफ प्राइस या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 2008 मध्ये तिथल्या कुटुंबांच्या वेळेच्या नोंदी तपासल्या. कुठलाही एक दिवस घेतला तर आईबाप दोन्ही मुलांना जवळपास सारखाच वेळ देतात, असं त्याला दिसलं. पण मुलं मोठी होत जातात तसा घरातला मुलांसाठीचा एकूण वेळच आटत जातो. त्यामुळे थोरल्याला त्याच्या सहाव्या वर्षी जितका वेळ मिळाला, तितका धाकट्याला त्याच्या सहाव्या वर्षी मिळत नाही. हा फरक दिवसाला वीस ते तीस मिनिटांचा निघाला. रोजची वाटणी समान, आणि तरी वर्षानुवर्षांची बेरीज असमान. दोन्ही पक्ष खरं बोलत असतात ते असं.

म्हणून मला वाटतं, एकाच आईबापाची मुलं एकाच घरात वाढत नाहीत. भिंती त्याच असतात, पण पहिल्याच्या वेळी घरात जो पैसा, जी जागा, आईच्या अंगात जी ताकद आणि बापाच्या मनात जी भीती असते, ती तिसऱ्याच्या वेळी तशी राहिलेली नसते. जन्मक्रमाचा परिणाम शोधायचा असेल तर तो इथे शोधावा. आपण तो शोधतो मुलांच्या स्वभावात, आणि तिथेच फसतो.

स्वभावाची गोष्ट आधी निकालात काढू. थोरला जबाबदार, मधला हरवलेला, शेंडेफळ लाडोबा, एकुलतं एक हट्टी, हे आपल्याकडे लग्नाच्या बैठकीतसुद्धा बोललं जातं. ‘मुलगा घरात थोरला आहे, समजूतदार असणारच’ असं म्हणून वधूपक्षाला आश्वस्त करतात. याला शास्त्राचा मुलामा दिला तो व्हिएन्नाच्या आल्फ्रेड अ‍ॅडलरने. दुसरं मूल आलं की पहिलं गादीवरून खाली येतं आणि ते दुःख त्याला पुढे पुरतं, अशी त्याची मांडणी. अ‍ॅडलर स्वतः दुसरा, थोरल्या भावाच्या सावलीत वाढलेला. त्यामुळे त्या मांडणीत थोडा घरचा राग मिसळला असावा, अशी मला आपली शंका आहे. काही असो, 2015 मध्ये ज्युलिया रोहरर आणि तिच्या सहकाऱ्यांनी जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या वीस हजारांहून जास्त माणसांची माहिती तपासली, आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या पावणेचार लाखांहून जास्त शाळकरी मुलांचा वेगळा अभ्यास आला. मनमोकळेपणा, चिडखोरपणा, शिस्त, मिळून-मिसळून वागणं, यांपैकी कशावरही जन्मक्रमाचा सांगण्याजोगा परिणाम दिसला नाही. बैठकीतल्या त्या वाक्याला आधार नाही.

मग काहीच नाही का? आहे, आणि ते नेमकं आईबापांच्या वाढवण्यात आहे. बुद्धिमापनाच्या चाचण्यांत थोरली मुलं किंचित पुढे असतात. फरक लहान, पण पुन्हापुन्हा सापडणारा. तो गर्भातून येतो की घरातून, याचा छडा नॉर्वेतल्या क्रिस्टेन्सन आणि ब्येर्केडाल या दोघांनी 2007 मध्ये फार हुशारीने लावला. त्यांच्याकडे सक्तीच्या सैन्यभरतीतल्या दोन लाख चाळीस हजारांच्या वर तरुणांच्या चाचण्या होत्या. त्यातून त्यांनी असे तरुण वेगळे काढले की जे जन्माने दुसरे, पण ज्यांचं थोरलं भावंड तान्हेपणीच गेलेलं. म्हणजे जन्माने दुसरे आणि घरात पहिले. त्यांचे गुण थोरल्यांच्या बरोबरीने आले. जन्म कितव्या नंबरचा यापेक्षा घरातली जागा कितवी, ते मोजायला हवं, हे यातून इतकं स्वच्छ दिसतं की पुढचा वाद घालायला फारशी जागा राहत नाही.

आता सोलापुरात या. नॉर्वे पाहायचं असेल तर जुळे सोलापूर या इथल्या नोकरदारांच्या भागात पाहता येतं. बाप बँकेत किंवा शाळेत, आईही बऱ्याचदा नोकरीला, घराचा हप्ता चालू. पहिल्या मुलाचं लसीचं कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात, कपाटात, हात लावायचा नाही. त्याच्या खाण्याच्या वेळा भिंतीवर. दुसरं मूल येईपर्यंत ते कार्ड विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यात गेलेलं असतं आणि ऐन लसीच्या दिवशी सापडत नाही. पहिलं मूल डॉक्टरांना विचारून वाढतं, दुसरं शेजारणीला विचारून, आणि तिसरं झालंच तर ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या भरवशावर. यात धाकट्याचं सगळं नुकसानच होतं असं समजू नका. पहिल्याच्या वेळी घाबरलेले आईबाप दुसऱ्याच्या वेळी माणसात आलेले असतात. ताप आला म्हणून रात्री दोनला दवाखाना गाठत नाहीत, एका चाचणी परीक्षेत गुण कमी पडले म्हणून घरात सुतक पाळत नाहीत. थोरल्याला मात्र त्याच्या चुकीची शिक्षा होते, आणि वर धाकट्याने बघून घ्यावं म्हणूनही होते. जोसेफ हॉट्झ आणि हुआन पांतानो या दोघांनी 2015 मध्ये अमेरिकी घरांबद्दल हेच दाखवलं. थोरल्याच्या अभ्यासाबाबत आईबाप जास्त कडक असतात, कारण घराचा दरारा त्याच्यावरूनच ठरायचा असतो.

या वर्गाचं दुखणं हळूहळू आपोआप संपेल असंही दिसतं. 2019 ते 21 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागची सरासरी मुलं, 1.7 आला. मधलं मूल नावाची जमात अशा घरांतून जवळपास नामशेष झाली. आता एकच मूल, त्याच्यावर थोरल्याची सगळी अपेक्षा आणि धाकट्याचे सगळे लाड. ते पुढे हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जातं आणि दर गड्ड्याच्या यात्रेला यायचं कबूल करतं. त्याची चिंता करायला त्याचे आईबाप समर्थ आहेत. माझ्या लेखाचा विषय ते मूल नाही.

नॉर्वेचं सांगणाऱ्यांनी इक्वेडोरचंही सांगायला हवं. दक्षिण अमेरिकेतल्या त्या गरीब देशाचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला आणि तिथे चित्र नेमकं उलटं निघालं. शाळेत मागे पडतात ती थोरली मुलं, आणि शिकतात ती धाकटी. कारण समजायला अर्थशास्त्री असावं लागत नाही. जिथे पैसा पुरतो तिथे पहिल्याला आईबापांचा भरपूर वेळ मिळतो. जिथे पुरत नाही तिथे पहिल्याचाच वेळ घरासाठी काढून घेतला जातो. हे दोन्ही देश सोलापुरात एकमेकांपासून तासाभराच्या बसवर आहेत.

आपल्या शहराला याचा एक खास संदर्भही आहे. ‘जुनी गिरणी’ म्हणतात ती कापडगिरणी 1877 ची. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी आल्या. गिरणीत कायम असलेल्या माणसाला दर महिन्याला पगार होता, दिवाळीला बोनस होता, फंड होता. एकेक करून त्या सगळ्या बंद पडल्या. आता असं घर डोळ्यांसमोर आणा की ज्यात थोरला जन्मला तेव्हा बाप पाळीला जात होता आणि धाकटा जन्मला तेव्हा बाप घरी बसला होता. बाप तोच, आई तीच. पण थोरल्याला पगारदाराने वाढवलं आणि धाकट्याला बेकाराने. अशाच दुसऱ्या घरात गिरणी बंद पडली तेव्हा थोरला आठवीत असेल. त्याला शाळेतून काढून यंत्रमागावर लावलं, आणि त्याच्या मजुरीवर धाकट्याने डिप्लोमा केला. दोन घरांत जन्मक्रम एकच, नशीब उलटसुलट. म्हणून ‘थोरल्यांचं असं असतं आणि धाकट्यांचं तसं’ असं सरसकट कुणी सांगू लागलं की मी पहिल्यांदा विचारतो, कुठल्या साली, आणि घरात तेव्हा कमावतं कोण होतं?

मात्र एक जागा अशी आहे की जिथे उलटसुलट होत नाही. तिथे साल कुठलंही असो, उत्तर एकच येतं. गरीब घरातली थोरली मुलगी.

पूर्व भागातल्या एखाद्या बोळात किंवा कुंभारीच्या वसाहतीत सकाळी साडेनऊला जा. उंबऱ्याच्या आत उजेडाला तोंड करून आई बिड्या वळत बसलेली असते, मांडीवर सूप. रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापलेली. चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोऱ्याचा फास, टोक दुमडलं, पुढची. हात बघायला लागलं तर डोळा ठरत नाही. हजार पुरे केले तर त्या दिवसाची पुरी मजुरी. आणि कारखान्यात माल द्यायला गेल्यावर त्यातून खराब बिड्यांची छाट निघणार ती वेगळीच. म्हणजे हजारासाठी हजाराहून जास्त वळावी लागते. या कामाला सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे रांगणारं मूल. ते सुपात हात घालतं, तंबाखूची बोटं तोंडात घालतं, पानांवर लघवी करतं. त्याला कुणीतरी उचललं पाहिजे. उचलणारी आहे दहा-अकरा वर्षांची, एक खांदा खाली झुकलेला, कमरेचं हाड बाहेर काढून त्यावर भावाला बसवलेला. ‘अक्का, घे गं त्याला जरा,’ आई मान वर न करता म्हणते. ‘जरा’ म्हणजे दुपारपर्यंत.

मधल्या वेळात ती पाणी भरते, कारण सोलापुरात नळ रोज येत नाही आणि आला की घरातल्या सगळ्या हातांना हाक जाते. मधल्याला गणवेश घालून शाळेत पोचवते. त्याच्यापाठोपाठ तिची स्वतःची शाळा भरते, पण त्या दिवशी ती जातेच असं नाही. बाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं तर सांगते, ‘आईला हजार पुरे करायचे होते, बाई.’ बाई समजून घेतात. त्यांना अशी उत्तरं पाठ असतात. हजेरीपटावर ही मुलगी शाळाबाह्य नसते. ती फक्त अधूनमधून नसते, आणि अधूनमधून नसल्यामुळे अपूर्णांक तिच्या डोक्यावरून जातात, मग दहावीचं गणित जातं, मग सगळे म्हणतात तिला अभ्यासात गोडीच नव्हती.

हे काम कुठल्या खात्यात धरलं जातं ते बघा. स्वतःच्या घरी स्वतःच्या भावाला सांभाळणं बालमजुरीत बसत नाही. आईच्या मजुरीत तिचा वाटा असतो, पण तो मजुरीच्या हिशेबात नसतो. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरील माणसांचा दिवस मोजला गेला होता. घरातल्या बिनपगारी कामात पडणाऱ्या बायका-मुलींची त्यावर रोजची सरासरी 299 मिनिटं आणि पुरुष-मुलांची 97. सहा वर्षांपासून मोजायला घेतलं हे बरं झालं. कारण काम तिथूनच सुरू होतं.

‘पहिली बेटी, धनाची पेटी’ असं आपल्याकडे बारशाला म्हणतात, विशेषतः आजीचं तोंड जरा उतरलेलं असेल तेव्हा. बिडीच्या घरात हे शब्दशः खरं आहे. पहिली बेटी झाली की पुढच्या मुलांच्या सांभाळाची सोय झाली. तिच्याऐवजी पहिला मुलगा असता तर? त्यालाही लवकर कामाला लावतात, हे मी वर लिहिलंच आहे. पण तो बाहेर कामाला जातो, त्याच्या हातात आठवड्याचे पैसे येतात, त्यातले दहा-वीस तो खिशात ठेवतो, आणि पुढे जन्मभर ‘मी तुम्हाला शिकवलं’ म्हणून धाकट्यांना ऐकवतो. ऐकवायचा हक्क त्याला मिळतो. थोरली तेवढंच करते, आणि लग्न होऊन गेली की विषय संपतो. मग कधी तरी घराची वाटणी निघते, आणि तिला माहेरी जेवायला बोलावून, साडी नेसवून, हक्कसोडपत्रावर सही घेतात. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये त्यावर पुन्हा शिक्का मारला. पण ज्या भावाला तिने कडेवर घेऊन वाढवलं, त्याच्याकडे वाटा मागायचा म्हणजे तिला जिभेला काटा टोचल्यासारखं होतं. ती सही करते. गावातल्या कुणालाही विचारा, न करणारी किती भांडखोर ठरते.

मुलगी पहिली असणं हे आपल्या समाजात आणखी एका मार्गाने काम करतं, आणि त्याची कहाणी बिडीच्या घरापेक्षा शिकलेल्या घरांना जास्त झोंबणारी आहे. प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये देशभरातल्या जन्मांची आकडेवारी मांडली. पहिली मुलगी असलेल्या घरांत दुसऱ्या बाळंतपणात दर हजार मुलग्यांमागे 1990 मध्ये 906 मुली जन्मत होत्या. 2005 मध्ये 836. पहिला मुलगा असलेल्या घरांत अशी घसरण नव्हती. आणि घसरण जास्त कुठे, तर दहावी आणि त्यापुढे शिकलेल्या आया आणि पैसेवाली घरं. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर 1988 मध्ये, देशात सगळ्यांत आधी, कायदा केला होता. तरी जुळे सोलापूर असो की पुण्यातलं कोथरूड, पहिली मुलगी झाल्यावर ‘आता दुसरा चान्स’ असं जे कुजबुजतात, त्यात जन्मक्रम जन्माआधीच कामाला लागलेला असतो.

या चाळणीतूनही जी मुलगी जन्माला येते, तिच्या ताटाकडे बघा. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी 2017 मध्ये दाखवलं की भारतातलं पहिलं मूल उंचीने आफ्रिकेतल्या गरीब देशांमधल्या पहिल्या मुलाच्या मागे नाही. मागे पडायला सुरुवात होते दुसऱ्यापासून, आणि पुढच्या प्रत्येकाबरोबर अंतर वाढत जातं. कारण त्यांनी थोरल्या मुलग्याच्या हव्यासात शोधलं. मुलगा झाला की खर्च त्याच्याकडे वळतो. झाला नाही तर पुढच्या बाळंतपणासाठी घर हात राखून खर्च करतं, आणि तो आखडता हात आधीच्या मुलींच्या ताटात पडतो. शेजारच्या सातारा जिल्ह्यात 2011 साली ‘नकुशी’ नावाच्या दोनशेहून जास्त मुलींची नावं सरकारी कार्यक्रमात बदलावी लागली, हे अनेकांना आठवत असेल. त्या मुली बहुधा घरातल्या तिसऱ्या-चौथ्या. नाव बदलणं सोपं होतं. क्रम कसा बदलणार?

यावर कुणी म्हणेल, हा सगळा घरातला मामला आहे, सरकारने यात नाक का खुपसावं? खुपसलेलंच आहे. सरकार जन्मक्रम आपल्यापेक्षा बारकाईने मोजतं. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी आईला 26 आठवड्यांची प्रसूती रजा आहे, तिसऱ्यासाठी 12. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला 5,000 रुपये, दुसऱ्याला 6,000, तेही ती मुलगी असेल तरच. राज्याच्या लेक लाडकी योजनेत 1 एप्रिल 2023 नंतर पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या घरी जन्मलेल्या मुलीला अठरा वर्षांची होईपर्यंत टप्प्याटप्प्याने 1,01,000 रुपये. तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही, सरकारी नोकरीची दारं बंद. कितवं मूल, कोणत्या तारखेनंतर, मुलगा की मुलगी, सगळं अर्जात विचारलेलं असतं. या योजना वाईट आहेत असं मी म्हणत नाही. लेक लाडकीचे पैसे पाचवी-सहावीच्या उंबरठ्यावर काही मुलींना शाळेत टिकवतील. पण या सगळ्या मोजणीत एक प्रश्न कुठेच नाही, की आई कामाला बसल्यावर दुसऱ्या मुलाला सांभाळणार कोण. सरकारने तो विचारला नाही, कारण उत्तर त्यालाही माहीत आहे. पहिली सांभाळेल.

अंगणवाडी आहे ना, असं ऐकायला मिळतं. आहे, 1975 पासून आहे, आणि तिथल्या ताई ज्या मानधनात जे करतात त्याला तोड नाही. पण अंगणवाडीत बसतात तीन वर्षांवरची मुलं, तीही काही तास. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला अंगणवाडी आहार देते, लस देते, वजन करते आणि घरी पाठवते. रांगणारं, चालायला शिकणारं, सुपात हात घालणारं मूल तीन वर्षांच्या आतलंच असतं. शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलीची शाळा सक्तीची केली, आणि तिच्या कडेवरच्या भावाच्या बाबतीत सरकार ‘व्यवस्था करू शकेल’ एवढंच म्हटलं. करील नाही, करू शकेल.

पूर्वीच्या कायद्याला हे कळत होतं. बिडी आणि सिगार कामगारांसाठी 1966 मध्ये जो कायदा झाला, त्यात ठरावीक संख्येपेक्षा जास्त बायका कामाला असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर ठेवायचं बंधन होतं. बंधन कारखान्याच्या जागेला होतं. आज सोलापुरात बिडी वळली जाते ती मुख्यतः घरी. पानं आणि तंबाखू बाई घेऊन जाते, माल परत देते. यात जागेचं भाडं, विजेचा दिवा, पिण्याचं पाणी, संडास हे सगळं कारखानदाराच्या खात्यातून बाईच्या खात्यात आलं, यावर युनियनवाले बरंच बोलले आहेत. पाळणाघरही त्याच वाटेने आलं, आणि बाईला ते परवडत नसल्यामुळे तिने ते पोरीच्या कमरेवर ठेवलं. बिडीची जी मजुरी ठरते, त्यात एका अल्पवयीन मुलीचा अर्धा दिवस फुकट धरलेला आहे.

माझ्या ओळखीतल्या बऱ्याच बायका याला हरकत घेतात, आणि त्या स्वतः थोरल्या आहेत म्हणून त्यांची हरकत गांभीर्याने घ्यायला हवी. त्या म्हणतात, भावंडं सांभाळली म्हणून तर आम्ही खंबीर झालो, आज घर आणि दुकान दोन्ही चालवतो ते त्याच्याच जोरावर. मला हे मान्य आहे. भावंडं सांभाळल्याने माणूस शहाणा होतो. फक्त ते शहाणपण इतकं गुणकारी असेल तर ते घरातल्या मुलग्यांना का दिलं जात नाही? बारा वर्षांच्या मुलग्याच्या कडेवर बहीण किती घरांत दिसते? आणि संध्याकाळी तासभर भावाला खेळवणं वेगळं, त्याच्यासाठी चाचणी परीक्षा बुडवणं वेगळं. खेळवण्याला मदत म्हणतात. परीक्षा बुडवण्याला कुठलाही शब्द लावा, पण मुलीच्या भल्यासाठी चाललंय असं म्हणू नका.

बिडी वळणाऱ्या आईला मात्र मी दोष देणार नाही. तिच्या जागी बसून हजार वळायचे म्हटले तर तुम्ही-आम्हीही थोरलीलाच हाक मारली असती. बहुधा ती आईसुद्धा कुणाची तरी थोरलीच होती. घरात बसून न्यायाने वागा असं तिला सांगणाऱ्या प्रबोधनाचा मला कंटाळा आहे. घरापुरतं जे बदलता येण्यासारखं आहे, ते ज्यांना परवडतं त्यांनी करावं: मुलग्याच्या कडेवर मूल द्यावं, आणि वाटणीच्या वेळी थोरलीला साडी नेसवण्याआधी कागद वाचून दाखवावा. पूर्व भागातल्या घरांना याहून वेगळं काही लागतं. त्यांना सकाळी नऊ ते दुपारी तीन उघडी असलेली एक खोली लागते, चालत पाच मिनिटांच्या आत, जिथे सहा महिन्यांचं मूल ठेवता येईल.

ही अशक्य मागणी नाही. केंद्राच्या मिशन शक्तीखाली ‘पाळणा’ नावाने अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवायची योजना कागदावर आहे. महापालिकेच्या मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू शाळांमध्ये पट घटून जिथे वर्ग रिकामे पडलेत, तिथे चार भिंती आणि छप्पर तयार आहे. सांभाळायला बायका शोधायला वस्तीबाहेर जायला नको. बिडी सोडावीशी वाटणाऱ्या, तंबाखूच्या खकाण्याने छाती भरलेल्या कितीतरी जणी हे काम आनंदाने करतील, पगार मिळाला तर. पगाराचा वाटा कारखानदाराने उचलावा, दर हजार बिड्यांमागे काही पैसे या हिशेबाने. सत्तरच्या दशकात बिडीवर कल्याण उपकर बसवून त्यातून कामगारांचे दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालवल्या गेल्याच होत्या. वस्तू आणि सेवा कर आल्यावर तो उपकर गेला. तेव्हा नवं काही मागत नाही. पाळणाघर शाळेच्याच आवारात ठेवा, म्हणजे अक्का भावाला दारात सोडून शेजारच्या वर्गात जाऊन बसेल. आणि वर्ग नऊला भरत असेल तर पाळणाघर पावणेनऊला उघडा. नऊला उघडलं तर तिची पहिली तासिका पुन्हा बुडेल, आणि पहिली तासिका बहुतेक शाळांत गणिताची असते.